मानभाव आणि पुनर्बाप्तिस्मी : छळाच्या दोन परंपरा

एखाद्या समाजाने कोणाचा छळ केला, हे त्याच्या बखरीत नेहमीच सापडते असे नाही. पण त्याच्या भाषेत ते बहुधा सापडते. मराठीत ‘मानभावी’ हा शब्द आपण सहज वापरतो. वरून गोड, आतून कपटी अशा माणसाला आपण मानभावी म्हणतो. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हणही जुन्या पिढीच्या तोंडी असे. हा ‘मानभाव’ म्हणजे मुळात ‘महानुभाव’. ज्या पंथाने मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ दिला, ज्याने मुंगीलाही इजा होऊ नये असे व्रत घेतले, त्या पंथाचे नाव झिजून शिवी बनले. शब्द झिजणे हा भाषेचा स्वाभाविक धर्म असला, तरी तो झिजताना कोणत्या दिशेने झुकतो, हे मात्र समाजाचा हात ठरवतो.

युरोपच्या इतिहासात याला अगदी जवळचे असे एक उदाहरण आहे. सोळाव्या शतकात स्वित्झर्लंड, दक्षिण जर्मनी आणि नेदरलँड्स या प्रदेशांत एक धर्मसमूह उदयास आला. त्याचे अनुयायी एकमेकांस केवळ ‘बंधू’ म्हणत. विरोधकांनी मात्र त्यांना ‘ॲनाबॅप्टिस्ट’, म्हणजे ‘पुन्हा बाप्तिस्मा देणारे’, असे नाव ठेवले. हे नाव त्यांना मान्य नव्हते. तान्ह्या मुलाला समज नसताना दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, तेव्हा आम्ही पुन्हा काही देत नाही, पहिल्यांदाच देतो, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु विरोधकांना हेच नाव सोयीचे होते. जुन्या रोमन कायद्यात पुनर्बाप्तिस्म्यास देहदंड सांगितलेला होता, आणि नाव एकदा चिकटले की कायदा आपोआप लागू होत होता. नाव ठेवणे हा छळाचा पहिला टप्पा असतो, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

प्रस्तुत लेखात या दोन परंपरा शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा आमचा विचार आहे. दोघांत सुमारे अडीचशे वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर आहे. परस्परांची त्यांना कल्पनाही नव्हती. तरीही शांततेने जगू इच्छिणाऱ्या माणसांची सत्तेला भीती का वाटते, आणि छळ झालेली माणसे आपला ठेवा कसा राखतात, या दोन प्रश्नांवर त्यांची तुलना पुष्कळ प्रकाश टाकते.

प्रथम युरोपची हकीकत थोडक्यात पाहू. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिक शहरात फेलिक्स मान्झ याच्या घरी काही तरुण जमले होते. तेथे कोनराड ग्रेबेल याने जॉर्ज ब्लाउरॉक याला त्याच्या विनंतीवरून बाप्तिस्मा दिला आणि नंतर ब्लाउरॉकने इतरांना दिला. हे सारे झ्विंग्ली या धर्मसुधारकाचे शिष्य होते. पोपच्या सत्तेविरुद्ध झ्विंग्लीने बंड केले होते, पण धर्मसुधारणा किती वेगाने व्हावी हे नगरपरिषदेने ठरवावे, असे त्याचे मत होते. शिष्यांचे म्हणणे असे की, धर्माच्या बाबतीत परिषदेला विचारण्याचे कारणच काय? वाद वरवर पाहता पाण्याच्या काही थेंबांचा होता. मुळात तो अधिकाराचा होता.

परिषदेने प्रथम वादसभा भरविली, मग दंड केला, मग तुरुंग दाखविला. मार्च १५२६ मध्ये पुनर्बाप्तिस्मा देणाऱ्यास बुडवून मारण्याचा हुकूम काढण्यात आला. ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झला हातपाय बांधून लिमाट नदीत बुडविण्यात आले. ज्याने पाण्याचा आग्रह धरला त्याला पाणीच द्यावे, असा त्या शिक्षेतला क्रूर विनोद होता. विशेष म्हणजे ही शिक्षा देणारे लोक स्वतः सुधारक होते. काही वर्षांपूर्वीपर्यंत तेच पाखंडी म्हणून गणले जात होते. नुकत्याच मुक्त झालेल्या माणसालाही दुसऱ्याचे स्वातंत्र्य सहन होत नाही, ही इतिहासातली वारंवार दिसणारी गोष्ट आहे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत श्लाइटहाइम या गावी या बंधूंची बैठक झाली आणि सात कलमांचे एक निवेदन संमत झाले. तलवार हाती घ्यायची नाही, शपथ वाहायची नाही, दंडाधिकाऱ्याचे पद स्वीकारायचे नाही, चुकलेल्या बांधवास समज देऊन, न ऐकल्यास संगतीतून वगळायचे, यापलीकडे शिक्षा करायची नाही, असा त्याचा आशय होता. या निवेदनाचा प्रमुख कर्ता मिखाएल सॅट्लर याला तीन महिन्यांच्या आत, मे १५२७ मध्ये, अनन्वित हाल करून जाळण्यात आले. त्याची पत्नी मार्गारेटा हिला दोनच दिवसांनी नेकार नदीत बुडविण्यात आले. १५२९ मध्ये श्पायर येथील साम्राज्यसभेने संपूर्ण साम्राज्यात पुनर्बाप्तिस्म्यास देहदंड जाहीर केला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट राजे एकमेकांचे हाडवैरी होते, पण या एका ठरावावर त्यांचे एकमत झाले. सोळाव्या शतकात आणि सतराव्याच्या आरंभी मिळून सुमारे दोन ते अडीच हजार माणसे या कारणाने मारली गेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. झुरिकमधील शेवटची शिक्षा १६१४ मध्ये हान्स लांडिस या वृद्ध शेतकऱ्याला झाली.

येथे एक गोष्ट नोंदविणे न्यायाचे ठरेल. १५३४-३५ मध्ये म्युन्स्टर शहरात याच विचाराच्या एका उग्र गटाने सत्ता हाती घेतली, बळजबरी केली, बहुपत्नीकत्व आणले आणि रक्तपातात त्याचा शेवट झाला. त्यांच्या पुढाऱ्यांची प्रेते ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली, ते पिंजरे आजही तेथील चर्चच्या मनोऱ्यावर आहेत. त्यानंतर दोनशे वर्षे कोणत्याही शांत बंधूला पकडले की त्याच्यापुढे म्युन्स्टरचे नाव घेतले जाई. वास्तविक १५३६ मध्ये धर्मोपदेशकपद सोडून आलेल्या मेनो सिमन्स याने या शांतताप्रिय शाखेचे पुनःसंघटन केले आणि त्याच्या नावावरून तिला ‘मेनोनाइट’ म्हणू लागले. थोड्यांच्या दोषाचा भार साऱ्यांवर टाकण्याची रीत आपल्याकडेही अपरिचित नाही.

आता आपल्याकडे वळू. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर हे परंपरेनुसार मूळ गुजरातेतील भरुचच्या प्रधानकुळातले. विदर्भात रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या भेटीने त्यांच्या जीवनाला वळण मिळाले. पुढे पैठण आणि गोदावरीकाठी त्यांनी शिष्य जमविले. त्यांचा काळ यादवांचा, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत. मोक्ष देण्याचे सामर्थ्य केवळ परमेश्वराचे, देवतांचे नव्हे, हा त्यांच्या तत्त्वज्ञानाचा गाभा. आचारात अहिंसा, भिक्षा, अटन आणि संन्यास. स्त्री आणि शूद्र यांना संन्यासाचा अधिकार त्यांनी दिला. विटाळाची कल्पना त्यांनी मानली नाही.

या उपदेशातून व्यवहारात काय घडते, ते नीट पाहिले पाहिजे. देवतांची उपासना मोक्षाच्या कामी निरुपयोगी ठरली, की व्रते, उद्यापने, दाने आणि त्यांवर चालणारा सगळा संसारही निरुपयोगी ठरतो. त्याच काळात देवगिरीच्या दरबारी हेमाद्री पंडित हा श्रीकरणाधिप, म्हणजे आजच्या भाषेत सचिवालयाचा प्रमुख होता. त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ, आणि त्यातील व्रतखंड तर व्रतांचा महासागरच. एकीकडे राज्याचा सर्वांत मोठा अधिकारी वर्षातील प्रत्येक तिथीला व्रत नेमून देत आहे, आणि दुसरीकडे एक संन्यासी त्याच राज्यात फिरून या साऱ्याची गरज नाही असे सांगत आहे. संघर्ष अटळ होता.

पंथीय परंपरेनुसार हेमाद्री व काही धर्माधिकारी यांच्या पुढाकाराने चक्रधरांवर आरोप ठेवण्यात आले, पैठणात सभा भरली आणि त्यांचा छळ करण्यात आला. त्यानंतर १२७२ ते १२७४ च्या दरम्यान ते उत्तरेकडे निघून गेले, असे पंथीय मानतात. या प्रसंगाचे तपशील ‘लीळाचरित्रा’च्या निरनिराळ्या पाठांत निरनिराळे आहेत आणि संशोधकांतही त्यांविषयी एकवाक्यता नाही. यादवांच्या दप्तरात त्या सभेचे कागद आपणांस मिळालेले नाहीत. झुरिकच्या परिषदेचे मात्र मिळतात. ज्याचा छळ झाला त्याच्या आठवणीवर आणि ज्याने छळ केला त्याच्या कागदावर लिहिलेला इतिहास सारख्याच सावधपणे वाचावा लागतो. तरी दरबार आणि पंथ यांच्यात वैर होते आणि त्याची झळ पंथाला दीर्घकाळ बसली, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

चक्रधरांच्या पश्चात नागदेवाचार्यांनी पंथाची धुरा वाहिली. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी जे पाहिले-ऐकले ते त्यांच्या तोंडून घेऊन, चक्रधरांच्या लीळा एकत्र केल्या. हे ‘लीळाचरित्र’ १२७८ च्या सुमाराचे मानले जाते. केशोबासांसारखा संस्कृतज्ञ शिष्य जेव्हा संस्कृतकडे वळू लागला, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यास आवरले. संस्कृतात लिहिले तर आपल्यातील साध्या म्हाताऱ्या स्त्रिया वंचित होतील, असा त्यांचा मुद्दा होता. महदाइसेसारखी प्रश्न विचारणारी, धवळे रचणारी स्त्री या पंथात घडली. आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचा उल्लेख केला जातो. भाषा निवडताना सर्वांत दुर्बळ श्रोता डोळ्यांपुढे ठेवणे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. जर्मन आणि डच बोलीत आपली पदे व पत्रे लिहिणाऱ्या त्या युरोपीय विणकरांचा आणि शेतकऱ्यांचाही विचार असाच होता.

दोन्ही परंपरांतली अहिंसा केवळ पोथीतली नव्हती, हे सांगणारे दोन प्रसंग येथे नोंदवावेसे वाटतात. लीळाचरित्रात ससा वाचविल्याची एक लीळा आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन चक्रधरांच्या आश्रयाला आला. पारधी आले, त्यांनी आपले भक्ष्य मागितले. चक्रधरांनी त्यांना समजाविले, शरण आलेल्यास मारू नये हे त्यांच्या गळी उतरविले आणि सशाला अभय मिळाले. दुसरा प्रसंग १५६९ मधला, हॉलंडातील आस्पेरेन गावचा. डर्क विलेम्स हा पुनर्बाप्तिस्मी तुरुंगातून निसटून गोठलेल्या तळ्यावरून पळत होता. मागून येणारा पहारेकरी बर्फ फुटून पाण्यात पडला. डर्क माघारी फिरला आणि त्याला बाहेर काढले. त्यानंतर त्यालाच पकडण्यात आले आणि १६ मे १५६९ रोजी जाळण्यात आले. पहिल्या प्रसंगात शिकाऱ्याचे मन वळले. दुसऱ्यात पहारेकऱ्यामागे कायदा उभा होता आणि कायद्याला मन नसते. या दोन गोष्टींमधील अंतर म्हणजेच माणूस आणि यंत्रणा यांतील अंतर होय.

यादवांचे राज्य गेले, तरी पंथावरचा रोष गेला नाही. संतवाङ्मयातही मानभावांवरची टीका आढळते. पेशवाईत तर १७८२ मध्ये त्यांच्याविरुद्ध हुकूमच निघाला. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांताच्या जातीजमातींवरील ग्रंथात त्याचा आशय दिला आहे. मानभाव सर्वथा निंद्य होत. चार वर्ण आणि सहा दर्शने यांच्याशी त्यांचा संबंध नाही. कोणत्याही जातीच्या माणसाने त्यांचा उपदेश ऐकू नये, ऐकल्यास त्यास जातिबाहेर करावे, असा तो आशय आहे.

शासकीय सेवेत आयुष्य गेल्याने हुकूम कसे वाचावेत, याची थोडी सवय आम्हांस आहे. या हुकुमाकडे त्या दृष्टीने पाहिले असता काही गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, तो निघाला सवाई माधवरावांच्या नावे, आणि त्या वेळी सवाई माधवराव अवघे आठ वर्षांचे होते. हुकुमावर नाव धन्याचे असते, हात दप्तराचा असतो. दुसरी अशी की, त्यात पंथीयांना मारण्याची आज्ञा नाही. शिक्षा ऐकणाऱ्याला आहे. उपदेशकाला हात न लावता त्याच्याभोवतीची माणसे काढून घ्यावयाची, की तो आपोआप एकटा पडतो. त्यासाठी शिपाई पाठवावे लागत नाहीत, तुरुंग बांधावे लागत नाहीत. प्रत्येक गावची जातपंचायत ते काम फुकट करते. झुरिकच्या परिषदेला नावाडी आणि जल्लाद यांचे वेतन द्यावे लागले होते. पुण्याच्या दप्तराला फक्त कागद खर्चावा लागला.

म्हणून या दोन छळांना एका तराजूत घालू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. जिवंत जाळणे आणि वाळीत टाकणे यांत फरक आहे, आणि तो पुसून टाकणे म्हणजे मेलेल्यांचा अपमान होईल. परंतु बहिष्कार हा सौम्य असतो ही समजूतही खरी नाही. ज्या समाजात पाणवठा, सोयरीक, बलुते आणि स्मशान ही सारी जातीच्या हाती होती, तेथे जातिबाहेर होणे म्हणजे जिवंतपणी मृत्यूच. शिवाय देहदंडाची तारीख इतिहासात राहते; बहिष्काराची राहत नाही. किती माणसांनी भीतीपोटी उपदेश ऐकण्याचे टाळले, याची मोजदाद कोण करणार?

छळाला उत्तर देण्याच्या दोघांच्या रीती मात्र अगदी उलट होत्या, आणि आमच्या मते या तुलनेतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

युरोपातील बंधूंनी आपले मेलेले लोक छापून ठेवले. १५३५ नंतर पासाउच्या किल्ल्यात कैदेत पडलेल्यांनी पदे रचली. १५६४ मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली आणि ‘आउसबुंड’ या नावाने वाढत गेली. १६६० मध्ये टीलेमान फान ब्राख्ट याने ‘हुतात्म्यांचा आरसा’ हा मोठा डच ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात न्यायालयातील जबान्या आहेत, तुरुंगातून मुलाबाळांना लिहिलेली पत्रे आहेत. १६८५ च्या आवृत्तीत यान लाइकेन याची कोरीव चित्रे आली; बर्फावर वाकून पहारेकऱ्याला हात देणारा डर्क विलेम्स जगाने पाहिला तो याच चित्रातून. आणि माणसे स्वतः देश सोडून निघाली. मोराव्हियात, तेथून पूर्वेकडे. १६८३ पासून पेनसिल्व्हेनियात. अठराव्या शतकाच्या अखेरीस रशियाच्या दक्षिण भागात. १६९३ मध्ये याकोब अमान याच्या अनुयायांची आमिश ही शाखा निराळी झाली. ते आजही अमेरिकेत आउसबुंडमधील पदे जुन्या जर्मनमध्ये गातात.

महानुभावांनी याच्या उलट केले. त्यांनी ग्रंथ झाकले. चौदाव्या शतकात सकळ लिपी तयार झाली. तिचे श्रेय रवळोबासांना दिले जाते. एका अक्षराच्या जागी ठराविक दुसरे अक्षर योजावयाचे, अशी तिची मूळ कल्पना. पुढे सुंदरी, पारिमांडल्य, अंक, शून्य अशा आणखी कितीतरी लिप्या झाल्या. पंथाच्या तेरा आम्नायांपैकी काहींच्या आपापल्या स्वतंत्र होत्या. या गुप्ततेचे कारण काय, याविषयी मतभेद आहेत. अनधिकाऱ्याच्या हाती ब्रह्मविद्या पडू नये म्हणून, असे पंथीय सांगतात. छळाच्या भीतीपोटी, असे काही संशोधक म्हणतात. खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली आणि जाणत्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, अशी परंपरा आहे. आजचे पाठभेद त्यातूनच आले. ज्यांनी एकदा सर्वस्व गमावले, ते पुन्हा गमवायला तयार नसतात. आम्हांस वाटते, कारणे दोन्ही असावीत. भीती आणि पावित्र्य यांची सरमिसळ होण्यास शतक-दोन शतके पुरेशी असतात.

परिणाम मात्र दुहेरी झाला. ग्रंथ वाचले, हे खरे. लिपीच्या कुलपामुळे त्यांत फार ढवळाढवळ झाली नाही, त्यामुळे तेराव्या शतकातील बोलती मराठी, तिची छोटी वाक्ये, बाजारातले आणि घरातले शब्द, हे सारे आपल्या हाती आले. पण मराठी समाज या ठेव्याला शतकानुशतके मुकला. ज्या ग्रंथाने साध्या म्हाताऱ्यांसाठी संस्कृत नाकारली, तो ग्रंथ शेवटी मठातील मोजक्या महंतांशिवाय कोणास वाचता येईना, हे छळाचे सर्वांत कटू फळ होय. आणि ज्याचे ग्रंथ वाचता येत नाहीत त्याच्याविषयी काहीही सांगता येते. त्यामुळे मानभावांच्या उत्पत्तीच्या नाही नाही त्या कथा पसरल्या आणि त्या खोडून काढण्याचे साधन पंथाने स्वतःच कुलूपबंद केलेले होते. युरोपात हुतात्म्यांचा ग्रंथ छापला गेला आणि पुनर्बाप्तिस्म्यांची बदनामी कालांतराने ओसरली. आपल्याकडे ग्रंथ झाकले गेले आणि ‘मानभावी’ हा शब्द शब्दकोशात स्थिरावला.

हे कुलूप विसाव्या शतकाच्या आरंभी उघडले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. वि. ल. भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या १९१९ च्या आवृत्तीत महानुभाव वाङ्मयाला स्थान दिले. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी पुढचे काम केले. या कामी पोथ्या उघड्या करून देणाऱ्या महंतांचे साहाय्यही विसरता येणार नाही. कित्येक पिढ्यांचा दंडक मोडून परक्यापुढे पोथी ठेवणे हे धैर्याचेच काम होते. कोलते यांची लीळाचरित्राची आवृत्ती १९७८ मध्ये निघाली. मध्य प्रदेशातील मराठी वाचकांस त्यांचे नाव आणखी एका कारणाने जवळचे आहे : १९६७ मध्ये भोपाळला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

महानुभावांचेही एक स्थलांतर झाले, ते फारसे कोणास ठाऊक नसते. पंथाचे उपदेशक उत्तरेकडे गेले आणि पंजाब व त्यापलीकडच्या प्रदेशात त्यांचे अनुयायी झाले. तेथे त्यांना ‘जयकृष्णी’ म्हणतात. मातृभाषा पंजाबी असलेली ही माणसे धर्मग्रंथ मात्र जुन्या मराठीतले मानतात. १९४७ च्या फाळणीत त्यांतील पुष्कळांना पश्चिम पंजाब सोडावा लागला. पेनसिल्व्हेनियातील आमिश शेतकरी जुनी जर्मन पदे गातो आणि पंजाबी जयकृष्णी तेराव्या शतकातील मराठी सूत्रे म्हणतो, ही दोन चित्रे शेजारी ठेवली म्हणजे भाषा टिकविण्यात राजाश्रयाचा वाटा आपण समजतो तेवढा मोठा नसतो, हे पटते.

या दोन परंपरांची गाठ आपल्या जुन्या मध्य प्रांतातच पडली होती, हे नवल नव्हे काय? १८९९ मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकेतील मेनोनाइट धर्मोपदेशक धमतरी येथे आले. अनाथांचा सांभाळ, शाळा, दवाखाना ही कामे त्यांनी उभारली. पाठोपाठ त्यांच्या दुसऱ्या एका शाखेने चांपा-जांजगीर भागात काम सुरू केले आणि चांप्यास कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होताच, तो त्यांनी लपविलाही नाही. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. तेव्हापासून १९५६ पर्यंत अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर, रायपूर जिल्ह्यातले धमतरी आणि आमचे लालबर्रा ही तिन्ही गावे एकाच प्रांतात, नागपूरच्या एकाच सचिवालयाखाली होती. लिमाट नदीत बुडविलेल्यांचे वारस आणि देवगिरीहून हाकललेल्यांचे वारस एकाच सरकारला सारा भरत होते. आमच्या वाचनात तरी त्यांच्या भेटीची नोंद नाही. पण भेट झाली असती, तर दोघांना एकमेकांचे पुष्कळसे समजले असते.

आमचा बालाघाट जिल्हाही १८६७ मध्ये भंडारा, शिवनी व मंडला यांचे तुकडे जोडून झालेला. वैनगंगेच्या या खोऱ्यात मराठी, पोवारी, हिंदी आणि गोंडी एकाच बाजारात बोलल्या जातात. येथील माणसाला निराळ्या बोलीची, निराळ्या देवाची सवय असते. ही सवय हीच सहिष्णुता असे आम्ही म्हणणार नाही. सवय एका अफवेने मोडते. सहिष्णुतेला विचाराचे अधिष्ठान लागते, आणि तो विचार इतिहासाच्या अशा प्रकरणांतूनच मिळतो.

छळ करणाऱ्यांच्या वारसांनी पुढे काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. २००४ मध्ये झुरिकच्या धर्मसुधारित चर्चने आपल्या पूर्वजांच्या कृत्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला आणि लिमाटच्या काठी मान्झ व इतरांच्या नावाची शिळा बसविण्यात आली. २०१० मध्ये लुथरपंथीयांच्या जागतिक संघाने श्टुटगार्ट येथे मेनोनाइटांची क्षमा मागितली. २०२५ मध्ये त्या पहिल्या बाप्तिस्म्याला पाचशे वर्षे झाली, तेव्हा जगभरचे अनुयायी झुरिकमध्ये जमले. ज्या शहराने बुडविले, त्याच शहराने त्यांचे स्वागत केले.

आपल्याकडेही काही घडले आहे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी मराठीच्या प्राचीनतेचे जे पुरावे पुढे करण्यात येत, त्यांत महानुभाव ग्रंथांना मानाचे स्थान होते. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करण्याचा कायदा महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये केला. ज्यांचा उपदेश ऐकणाऱ्यास जातिबाहेर करावे असा हुकूम निघाला होता, त्यांच्याच गावी आता शासन स्वतः अध्यापक नेमते. १७८२ च्या त्या हुकुमाला याहून चांगला रद्दीकरणाचा आदेश असू शकत नाही.

तरी एक काम शासनाच्या आवाक्यातले नाही. हुकूम हुकुमाने रद्द होतो. शब्द मात्र बोलणाऱ्यांनीच बदलावा लागतो. युरोपात ‘ॲनाबॅप्टिस्ट’ ही शिवी तिच्या वारसांनी अभिमानाने स्वीकारली आणि तिचा डंख निघून गेला. ‘मानभावी’ या शब्दाचा डंख अजून तसाच आहे, कारण तो कोणाला लागतो हेच बोलणाऱ्यास ठाऊक नसते. ढोंगी, दांभिक, कपटी असे कितीतरी शब्द मराठीत आहेत. एखाद्या अहिंसक पंथाचे नाव त्यासाठी खर्ची घालण्याची आपल्या भाषेला गरज नाही. लीळाचरित्राने ज्यांच्यासाठी मराठी निवडली, त्या साध्या माणसांच्या भाषेने त्या ऋणाची एवढी परतफेड करावयास हरकत नसावी.